कंसातल्या स्टेनोबाई

आमच्या शेजारच्या स्टेनोबाईंकडे कधी गेलात, तर त्यांच्या उजव्या हाताकडे बघू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. तुम्ही तोंड उघडलं की त्यांचं बोट मांडीवर चालायला लागतं. तुम्ही नमस्कार म्हणालात, बोटानं एक वळसा घेतला. नळाला पाणी आलं का विचारलंत, दोन आडव्या रेघा, एक जाड, शेवटी बारीकशी आकडी. बाई तुमच्याकडे बघून मान हलवत असतात, चेहऱ्यावर सगळं सभ्य असतं, आणि खाली तुमचा शब्दन्‌शब्द त्यांच्या साडीवर उतरत असतो. नवखा माणूस बावचळतो. एकदा सिलिंडरवाला पावती फाडता फाडता थांबला आणि काळजीनं म्हणाला, "बाई, खाज येऊन राह्यली का? कडुनिंब लावा."

बाईंनी तेही मांडीवर उतरवून घेतलं.

मी कोण, तर भद्रावतीत माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. लग्न, बारसं, गणपती, प्रचारसभा, कुठेही बोलवा. माझा जन्म आवाज वाढवण्यात गेला आणि बाईंचा तो उतरवून घेण्यात. दोघांच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे मी नवे बॉक्स तपासत "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" करत असतो, आणि पलीकडे बाई अंगणात खुर्ची टाकून माझं हॅलो हॅलो मांडीवर लिहीत असतात. अशा शेजारात आमची वर्षं गेली.

बाई चंद्रपूरला एका सरकारी कार्यालयात स्टेनो होत्या. रोज सकाळच्या एसटीनं जायच्या, संध्याकाळच्या एसटीनं यायच्या. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची आमच्या गल्लीत कोणाची छाती झाली नाही. दारावर पाटी आहे, तिच्यावर "कु. बावणे" एवढंच. पण बावणेबाई असं त्यांना कोणी म्हणत नाही. पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे स्टेनोबाईच म्हणतात.

त्यांच्या घरी गेलं की "या, बसा" वगैरे काही नाही. बाई खुर्चीत सरळ बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "बोला." तुम्ही वाक्य संपवलंत की, "पुढे?" आपण साखर मागायला गेलेलो असतो, पण त्या "पुढे?" पुढे उगाच वाटायला लागतं की आपल्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं. मी एकदा शिडी मागायला गेलो आणि माझ्या आतेभावाच्या काडीमोडाची सगळी कथा सांगून, शिडी तिथेच विसरून परत आलो.

माणसाची पारख बाई वेगावर करतात. स्टेनोच्या परीक्षा असतात ना, मिनिटाला ऐंशी शब्दांची, शंभरची, एकशे वीसची, त्याच मापानं. त्यांचे साहेब साठचे. "साठचा माणूस, प्रमोदभाऊ, पण मध्ये मध्ये पान खायचा, म्हणजे चाळीसच धरा." मी एकशे वीसचा. आमची सौ. रागात दीडशेला जाते, एरवी नव्वद. आणि गल्लीत मासे विकायला येणारी सरूबाई, ती एकशे साठ. सरूबाईचं नाव घेताना बाईंच्या आवाजात जो मान येतो, तो त्यांनी कुठल्या साहेबाला दिला असेल असं मला वाटत नाही.

ही सरूबाई ढिवराची, म्हणजे मासेमारांच्या घरची. आमच्यापासून दोन-तीन थांब्यांवरच्या एका गावातून तलावाची ताजी मच्छी घेऊन येते. डोक्यावर घमेलं, तोंडात तंबाखू, आणि तरीही एकशे साठ. आमच्या पायरीवर बसून ती मासे साफ करते आणि गावच्या सगळ्या बातम्या देते. ती आली की स्टेनोबाई हातातलं काम टाकून भिंतीशी येऊन उभ्या राहतात. सरू बोलते, बाईंचं बोट भिंतीवर पळत असतं. सरूनं त्यांना मच्छी कधी विचारली नाही. बाई शाकाहारी, हे गल्लीत ठरून गेलेलं. एवढा शुद्ध बोलणारा माणूस मच्छी कसा खाईल, असाही त्यात एक विचार असावा.

निवृत्त झाल्यावर बाईंची पंचाईत झाली. बोलणारे साहेब गेले, लिहिणारं बोट राहिलं. मग त्या बसस्टँडवर जाऊन बाकावर बसायला लागल्या. तिथं काय करता म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सराव." येणारी-जाणारी माणसं भांडत होती, रडत होती, मोबाइलवर सोयरिकी जुळवत होती, आणि बाई सगळं मांडीवर उतरवत बसल्या होत्या. मला वाटायचं, बाईंचं पुढचं आयुष्य आता असंच जाणार.

आणि मग माझ्या डीजेमुळे त्यांचं नशीब फिरलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बाई सांगत नाहीत.

झालं असं की मी दुपारभर नवे बॉक्स तपासत होतो. बाई घरात मोबाइलवर कसलीतरी मालिका बघत होत्या. माझ्या आवाजापुढे त्यांना काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी मोबाइलचा आवाज बंदच केला आणि खाली अक्षरं उमटतात ती चालू केली. थोड्या वेळानं बघतो तर बाई भिंतीशी. साठीची बाई, पण डोळे असे चमकत होते की मी घाबरून बॉक्स बंद केला. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक बाई जिना चढत होती आणि खाली कंसात लिहिलेलं होतं: (दार कुरकुरतं).

"प्रमोदभाऊ," बाई म्हणाल्या, "हे कोणीतरी बसून लिहितं."

मी म्हटलं, लिहीत असेल. त्यावर त्यांनी मला जे सुनावलं ते दीडशेच्या खाली नव्हतं. नुसतं भाषांतर लिहितात ते वेगळं, हे वेगळं. याला कॅप्शन म्हणतात. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी सगळं लिहायचं: कोण बोललं, काय बोललं, दार वाजलं का, कुत्रं भुंकलं का. आणि सभा, बातम्या, भाषणं यांची कॅप्शनं तर माणूस बोलतो त्याच क्षणी लिहावी लागतात. त्याच क्षणी. बोलण्याच्या वेगानं. "म्हणजे माझंच काम ना हो हे? आणि मला कोणी सांगितलंच नाही."

त्या दिवसापासून बाईंच्या बोलण्यात कंस शिरला. कुकर झाला की त्या मोठ्यानं म्हणणार, "कंसात, शिट्टी." आमच्या घरात वाजलं की भिंतीपलीकडून, "कंसात, भांडी." मी बायकोशी तावातावानं बोलून गप्प झालो, की शांतपणे, "कंसात, पुरुष माघार घेतो." सौ.ला हे फार आवडलं. तिनंही कंस सुरू केला. मी सकाळी उठून खोकलो की दोन्हीकडून माझी नोंद व्हायला लागली.

बाई नुसत्या कंसावर थांबल्या नाहीत. लॅपटॉप घेतला. पुण्याची एक कंपनी मराठी कॅप्शनं लिहून देते हे शोधून काढलं, घरी बसून काम, लिहिणारी माणसं हवीत. बाईंनी अर्ज टाकला आणि चाचणीची तयारी सुरू केली. स्टेनोमध्ये घाई असली की स्वर गाळतात आणि व्यंजनं तेवढी धरतात. बाईंनी लॅपटॉपवर तीच युक्ती बसवली. दोन अक्षरं मारली की अख्खा शब्द उमटायला हवा. आणि त्यांच्या डोक्यात जे शब्द, जी वाक्यं वर्षानुवर्षं बसली होती, ती सगळी त्यांनी आत भरून टाकली. घोळ तिथंच झाला.

चाचणी आली ती स्वयंपाकाच्या कार्यक्रमाची. एक बाई भाजी करते आहे, तुम्ही कॅप्शन लिहा. आमच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला, मी स्पीकर जोडून दिला, सौ.नं दिवा लावला. बाईंची बोटं सुटली ती बघत राहावीत अशी. कार्यक्रमातली बाई "तेल" म्हणाली, यांनी "तल" मारलं. ती "कांदा" म्हणाली, यांनी "कद". ती "मीठ", या "मठ". आणि पडद्यावर उमटलं:

कढईत तात्काळ लक्ष द्यावे घालून चांगले तापू द्या. कार्यालयीन दप्तर बारीक चिरून गुलाबी होईपर्यंत परता. मागील ठराव चवीपुरता.

सौ. पदर तोंडात धरून आत पळाली. मी बाईंकडे बघत होतो. त्यांना थांबता येत नव्हतं, कारण चाचणी चालू होती आणि थांबलं की बाद. शेवटपर्यंत त्या लिहीत गेल्या. त्या भाजीत आस्थापना शाखा पडली, प्रपत्र ब पडलं, आणि शेवटी वरून सविनय सादर भुरभुरून ती गरम गरम वाढली गेली.

कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. बाईंनी तो मुद्दाम माझ्यासमोर घेतला, धीर म्हणून. मॅडम हसत होत्या, पण वाईट हसत नव्हत्या. म्हणाल्या, वेग असा आहे की आमच्याकडे कोणाचा नाही, पण बाई, तुम्ही ऑफिसातून बाहेर या. एक संधी आणखी देते, शेवटची. खऱ्या माणसांची खरी सभा गाठा, पुष्कळ जण बोलणारे हवेत, आणि तिथं बसून लिहा. लिहिलेलं सगळं रेकॉर्ड करून पाठवा. अटी तीन. ऐकू आलं ते सगळं लिहायचं, एकदा उमटलेलं पुसायचं नाही. कोण बोललं त्याचं नाव आधी टाकायचं. आणि स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही.

"तिसरी अट सोपी आहे," बाई फोन ठेवून म्हणाल्या. "ती मी जन्मभर पाळली."

मग बाईंनी लॅपटॉपमधून कार्यालय काढायला घेतलं. एकेक वाक्य पुसताना त्यांना त्रास होत होता, हे दिसत होतं. "उपरोक्त विषयास अनुसरून" पुसलं त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. रिकाम्या झालेल्या जागी त्या माणसांचं बोलणं भरायला लागल्या. बसस्टँडवरचा सगळा सराव आता कामाला आला. "कर" मारलं की "करून राह्यलो". "क" आणि "न" की "काऊन नाई". सरूबाईची तर अख्खी गिरणी भरली: "सांगू काय तुमाले", "मंग मी म्हनलं", "मसनात जाऊ दे". माझं पेटंट वाक्य आहे, कुठल्याही गिऱ्हाइकाला मी सांगतो, "मी आहो ना, चिंता नोका करू." त्याला बाईंनी एकच बटण दिलं. मला जरा लागलंच. अख्ख्या आयुष्याचं आश्वासन एका बटणात बसावं?

सभा कुठली गाठायची, ते सरूनं सोडवलं. तिच्या गावी मच्छीमार सोसायटीची वार्षिक सभा होती आणि दरवर्षीप्रमाणे माइक माझाच होता. सरू मासे साफ करता करता आपल्या सासऱ्याचं सांगत होती. सोमाजी त्यांचं नाव. म्हातारपणी कान हळूहळू जात जात पार गेले. माणूस सभेला दरवर्षी धोतर बदलून जातो, पहिल्या रांगेत बसतो, काही ऐकू येत नाही, सगळ्यांनी हात वर केला की आपलाही करतो आणि कोणी त्यांच्याकडे बघून बोललं की मान डोलावतो. गेल्या वर्षी मी खास त्यांच्यासाठी एक बॉक्स त्यांच्या कानाशी लावला होता. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सरूला सांगितलं, धडधड होऊन राह्यली, दवाखान्यात ने. आवाज वाढवून सगळं सुटतं असं मानणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लागते.

"वाचता येतं त्यांना?" बाईंनी भिंतीवरून विचारलं.

सरू म्हणाली, जुनी चौथी आहे, हॉटेलात पेपर आला की शेवटच्या पानापर्यंत सोडत नाही.

बाईंच्या बोटानं भिंतीवर एक मोठा चौकोन काढला. "प्रमोदभाऊ, तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे ना?"

मी म्हटलं, "मी आहो ना."

सभेच्या दिवशी मी समाजमंदिराच्या खिडक्यांना मंडपाचं कापड लावलं, भिंतीवर प्रोजेक्टर सोडला. बाई बाजूच्या टेबलाशी, कानाला हेडफोन, त्यात माझ्या माइकचा आवाज थेट. आधीच्या आठवड्यात सरूबरोबर त्या गावात फिरून आल्या होत्या, एकेकाशी बोलून आवाज ओळखीचे करून घेतले होते. एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नाहीत. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "कंसात, घसा कोरडा."

सभा सुरू झाली. अध्यक्ष उभे राहिले, आणि भिंतीवर अक्षरं पळायला लागली:

अध्यक्ष : आपन सारे जमलो, चांगलं झालं.
(मागून खोकला)
(कोंबडं)

सगळी सभा भिंतीकडे वळली. अध्यक्ष स्वतः वळले. आपलं बोलणं आपल्या डोक्यावर लिहिलं जातं आहे हे बघून ते थोडे सावरून बोलायला लागले, तर तेही उमटलं. मग लोकांना चेव आला. एक जण उगाच उठून आपलं नाव सांगून बसला, फक्त भिंतीवर यायला. बायका खिदळल्या, (हशा) उमटलं, तो वाचून आणखी हसल्या. मी आजवर हजारो माणसांना आवाज पोचवला असेल, पण असा रंगलेला हॉल बघितला नव्हता. आणि पहिल्या रांगेत सोमाजी. मान वर, तोंड किंचित उघडं, डोळे भिंतीवर. ओठ हलत होते. वाचत होते ते. अहवाल वाचत होते, मत्स्यबीजाचं वाचत होते, कोंबडंही वाचत होते.

मग विषय आला तलावाच्या राखणीचा. रात्री तलावावर कोणीतरी बसायला लागतं, नाहीतर बाहेरची माणसं जाळं टाकून जातात. गार वारा, मच्छर, कोणी तयार नसतं. दरवर्षी ही राखण सोमाजींकडे जायची. ऐकू न येणारा माणूस राखणदार कसा, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. सचिवानं माइकवर हात ठेवला, अध्यक्षांकडे झुकला आणि काहीतरी पुटपुटला. हॉलमध्ये कोणालाच कळलं नाही. पण माझे माइक चांगले आहेत, हा माझा दोष नाही. बाईंच्या हेडफोनात ते स्वच्छ आलं, आणि भिंतीवर हातभर अक्षरांत:

सचिव : देऊन द्या बुढ्याले. त्याले काई आयकू येत नाई, मान डोलवते बस.

आधी कोणी हसलं नाही. मग सचिवानं मागे वळून वाचलं आणि ओरडला. तेही उमटलं:

सचिव : ते पुसा. बंद करा ते.

पुसलं तर चाचणी गेली. बंद केलं तरी गेली. सचिव टेबलाकडे यायला निघाला तसा मी त्याला अडवायला प्रोजेक्टरसमोर उभा राहिलो, तर माझी सावली भिंतीवर पडली, म्हणून सरूनं मला ओढून बाजूला केलं. बाईंनी काही पुसलं नाही. त्यांनी लिहिलं, (पावलं).

सोमाजींनी पूर्ण वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग उठले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही, त्यामुळे माझ्या माइकची गरज नव्हती.

"असं हाय होय. मले वाटे, गावानं भरोशानं देल्ली राखन."

हे वाक्य भिंतीवर आलं तेव्हा हॉलमध्ये मान वर करून कोणी बघेना. अध्यक्षांनी चष्मा काढला. मला एवढं वाईट वाटलं की मी उगाच वायर गुंडाळायला लागलो. सोमाजी मात्र उभेच होते, भिंतीवर आपलं वाक्य बघत होते. त्यांना ते आवडलं असावं. ते एकदम हसले.

"यंदाही मीच करतो. पन माह्यासंग सचिवाले द्या. त्याले आयकू येते."

त्यानंतर जो (हशा) उमटला तो लिहायला बाईंना दोन ओळी लागल्या. ठराव मंजूर झाला, सचिवासकट. आणि सोमाजी मोकळे सुटले. प्रत्येक विषयावर बोलले. कित्येक वर्षांचं साठलेलं होतं. बाई लिहीत होत्या, ते आपलंच बोलणं वाचत होते आणि वाचून पुढचं बोलत होते. सभा संपली तरी ते बसेनात. आभार झाले, लोक उठायला लागले, तेव्हा ते टेबलाकडे वळले.

"बाई, साऱ्याइचं आलं. सचिवाचं आलं, माह्यं आलं, कोंबड्याचंही आलं. तुमचं काईच नाई दिसून राह्यलं. तुमी बोला."

शेवटी "सोमाजी : तुमी बोला" एवढं भिंतीवर उमटलं आणि तिथंच थांबलं. पुढची उभी रेघ लुकलुकत होती. बाईंची बोटं बटणांवर तशीच. मी आजवर त्यांचं बोट थांबलेलं बघितलं नव्हतं. "बोला" हा शब्द त्यांचा होता. रोज सगळ्यांना त्या म्हणत आल्या, आणि त्यांना कोणी कधी म्हटला असेल असं मला आठवेना. मग हळूच आलं:

(शांतता)

मला वाटलं, संपलं. तिसरी अट पाळली. पण बाईंनी हेडफोन काढून ठेवला आणि लिहायला लागल्या, एकेक अक्षर करून. सगळ्यांच्या वाक्यांना त्यांनी बटणं दिली होती, स्वतःच्या वाक्याला एकही नव्हतं.

कुसुम : मले मच्छी लय आवडते. एकटीसाठी काय रांधावं, म्हून घेत नाई.

सोमाजींनी ते वाचलं, आणि या वेळी मनातल्या मनात वाचायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांच्या त्या भरदार आवाजात, अक्षर अक्षर जोडत, अख्ख्या समाजमंदिराला ऐकू जाईल असं वाचलं. मी सरूला विचारलं, ही कुसुम कोण? सरूनं माझ्याकडे बघितलं.

"शेजारी रायता ना जी तुमी?"

पाटीवरचा तो "कु." म्हणजे कुमारी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या त्या सरूचा एकशे साठचा वेग ऐकायला, असंही.

कंपनीचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. मॅडमचा फोन आला. सगळं उत्तम म्हणाल्या, फक्त विचारलं, शेवटी ही कुसुम कोण, सभासद आहे का? बाई म्हणाल्या, "मी. अट मोडली. ती ओळ काढून टाकू का?" मग मॅडम म्हणाल्या, राहू द्या ती, आणि सोमवारपासून कामाला बसा. बाईंनी फोन ठेवला, भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "कंसात, टाळ्या." टाळ्या अर्थात मी आणि सौ.नं वाजवल्या, सिलिंडरवाला आला होता त्यानंही वाजवल्या. आता त्या रोज घरी बसून कुठल्या कुठल्या सभांची, शाळांची, भाषणांची कॅप्शनं लिहितात, आणि काम चालू असलं की मला बॉक्स तपासायला बंदी आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. सभेनंतर समाजमंदिराच्या मागे पंगत बसली. भात, झिंग्याची चटणी, मच्छीचा लालभडक रस्सा. सरूनं बाईंचा हात धरून त्यांना बायकांच्या रांगेत नेऊन बसवलं. समोर सोमाजी बसले आणि बोलायला लागले, थांबेचनात. सचिव बोलत होता, अध्यक्ष बोलत होते, माझी स्वतःची गाडी एकशे वीसवर होती. मी सवयीनं बाईंच्या उजव्या हाताकडे बघितलं. हात ताटात होता. बोटं मन लावून मच्छीचे काटे काढत होती, आणि मांडीवर काहीसुद्धा उतरत नव्हतं.

सरू भांडं घेऊन पुढ्यात वाकली. "आनखी वाढू का जी, कुसुमताई?"

बाईंनी ताट पुढे केलं. "वाढ," म्हणाल्या.